समुद्राकाठचं घर मार्गळीत बघावं

समुद्राकाठचं घर बघायला आलेली माणसं गाडीतून उतरली की घराकडे बघतच नाहीत. तडक गच्चीवर जातात आणि पूर्वेकडे तोंड करून उभी राहतात. हात कमरेवर, डोळे बारीक केलेले, वाऱ्यानं केस विस्कटलेले. अशा वेळी त्यांना खांबांबद्दल काही सांगायला जाऊ नये. चेन्नईत मी हे काम इतकी वर्षं केलं, पण त्या पहिल्या पाच मिनिटांत कुणी माझं ऐकल्याचं मला आठवत नाही. मी आपली पिशवीतून हातोडी काढते आणि घराच्या दक्षिणेच्या अंगाला जाऊन उभी राहते.

काम म्हणजे काय, ते आधी सांगते. विकत घेण्यापूर्वी घर तपासून देणं. कागद वकील बघतो, किंमत बँक बघते, दिशा वास्तुवाला बघतो. खुद्द घराकडे बघायला कुणी उरत नाही, म्हणून मला बोलावतात. मी सिव्हिल इंजिनिअर. माहेर सोलापूरचं, तिथं पाण्याशी संबंध एवढाच की आज नळाला येणार का उद्या. लग्न होऊन इकडे आले तेव्हा जन्मात पहिल्यांदा समुद्र पाहिला, आणि नोकरी लागली ती काँक्रीटची दुरुस्ती करणाऱ्या एका लहानशा कंपनीत. म्हणजे समुद्रानं खाल्लेल्या इमारतींची मलमपट्टी. पुढे स्वतःचं काम सुरू केलं. आता गुडघ्यांनी शिडी चढायला साफ नकार दिला म्हणून थांबले आहे. आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकाच्या संपादक वहिनी म्हणाल्या, "समुद्राकाठी घर घेताना काय बघावं ते लिहा, लोकांना उपयोग होईल." उपयोग होईल असं मला वाटत नाही. ज्याच्या मनात समुद्र भरला, त्याला सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. पण लिहिते.

गिऱ्हाईक पूर्वेकडे बघतं आणि मी दक्षिणेकडे बघते, याचं कारण साधं आहे. या किनाऱ्यावरची वाळू एका जागी बसून नसते. वर्षातले बरेच महिने ती लाटांबरोबर दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकत असते. मध्येच कुणी समुद्रात दगडी बांध घातला की ती तिथं अडते. बांधाच्या दक्षिणेला पुळण वाढत जाते. उत्तरेला मात्र नवी वाळू पोचत नाही, आणि जी आहे ती पुढे निघून जायची थांबत नाही. आपली मरीना एवढी ऐसपैस झाली ती बंदराच्या भिंतीमुळे, आणि त्याच बंदराच्या पलीकडे, उत्तर चेन्नईत, घरंच्या घरं समुद्रात गेली. तेव्हा दक्षिणेला बांध आहे का, असला तर किती लांब, नवा कुठे होऊ घातलाय का, हा माझा पहिला प्रश्न. ब्रोकर मंडळींना तो मुळीच आवडत नाही.

मग हातोडी. खांबावर मारायची, पण जोरात नाही, शेजारणीचं दार वाजवावं तशी. चांगलं काँक्रीट खणखणीत वाजतं. आतून सुटलेलं असेल तर बद्द वाजतं. खारट दमट हवा काँक्रीटमध्ये झिरपत झिरपत आत जाते, सळई गंजते, गंजलेली सळई फुगते आणि भोवतालचं काँक्रीट आतल्या आत फोडते. वरून गिलावा, रंग सगळं ठाकठीक. विकायला काढलेल्या घराला रंग देतातच, म्हणून समुद्राकाठी ताजा रंग दिसला की माझा हात आपोआप पिशवीकडे जातो. त्यानंतर बोअरच्या पाण्याचा एक घोट. आज ज्या पाण्यानं तोंड खारट होतंय, त्याच पाण्यात बांधताना सिमेंट कालवलं होतं का, हे घरमालकाला विचारायचं. खरं उत्तर मिळत नाही, पण तो विषय कसा बदलतो ते बघायचं.

एकदा शोळिंगनल्लूरच्या सॉफ्टवेअर ऑफिसातलं एक तरुण जोडपं आलं होतं. मुलगी पुण्याची, मुलगा इथलाच. त्यांना पूर्वेची सबंध भिंत काचेची करायची होती. मी त्यांना म्हटलं, आधी शेजाऱ्याच्या एसीचं बाहेरचं यंत्र बघून या. दोघं हसले, पण गेले. परत आल्यावर मुलगी म्हणाली, "काकू, ते किती जुनं असेल?" मी म्हटलं, "त्यांनाच विचार." शेजाऱ्यानं ते मागच्या वर्षीच बसवलं होतं. पत्र्याला आरपार भोकं. त्यांनी शेवटी किनाऱ्यालगतच्या रस्त्याच्या अलीकडे, बऱ्याच आत फ्लॅट घेतला आणि मला गृहप्रवेशाला बोलावलं. दूध उतू जाईपर्यंत ती माझा हात धरून उभी होती.

दुसरे एक व्यापारी गृहस्थ वास्तुपंडिताला घेऊन आले होते. पंडितजी म्हणाले, ईशान्येला पाणी असावं, घराची भरभराट होते. आता ईशान्येला सबंध बंगालचा उपसागर असल्यावर आणखी काय पाहिजे? माझी हातोडी त्या दिवशी कुणी ऐकली नाही. घर घेतलं. भरभराट झाली ती ग्रिलं बदलणाऱ्याची. आता ते घर लग्नाचे फोटो काढणाऱ्यांना दिवसाच्या भाड्यानं देतात, आणि फोटोत ते खरोखर सुरेख दिसतं. दुरून डोंगर साजरे म्हणतात, समुद्राचं उलट आहे. तो जवळूनही साजरा दिसतो, म्हणूनच माणसं फसतात.

या सगळ्यापेक्षा मोठा प्रश्न मी शेवटी विचारत असे. घराकडे बघणार कोण? समुद्राकाठचं घर घेतलं म्हणजे झालं असं नाही, ते आजारी माणसासारखं रोज बघावं लागतं. बिजागऱ्यांना तेल, ग्रिलांना दरवर्षी खरवडून रंग, गच्चीच्या भेगा पावसाआधी बुजवायच्या. वर्षातले दहा महिने कुलूप लावून ठेवणार असाल तर घेऊच नका. अशी बंद घरं किनाऱ्यावर कितीतरी आहेत. एखाद्याचा दरवाजा ढकलला तर बिजागरीसकट हातात येतो.

आता मार्गळीचं सांगते. तमिळ मार्गळी महिना आपल्या डिसेंबरच्या मध्यात लागतो आणि पोंगलला, म्हणजे संक्रांतीला संपतो. हा महिना देवाचा. पहाटे दारात कोलमची रांगोळी, भजनं, देवळं. पण लग्न नाही, घराचा व्यवहार नाही. त्याच्याआधीचे ऐप्पसी आणि कार्तिगै हे इथले खरे पावसाचे महिने, तेव्हा घर बघायला कोण बाहेर पडणार? पोंगल झाला, तै महिना लागला की मग वाट उघडते, असं इथं म्हणतातच. शुभ दिवस, स्वच्छ आकाश, आणि सगळी चेन्नई घरं बघायला निघते. नेमकं तेव्हाच समुद्र वाळू परत आणून टाकू लागलेला असतो. कार्तिगैत कुंपणाच्या भिंतीला लागणारं पाणी तै आणि पुढच्या मासी महिन्यात लांब जाऊन बसतं. मधे रुंद, मऊ, सोनेरी वाळू. लोक म्हणतात, "बघा, समुद्र किती लांब आहे!" या गावात वर्षानुवर्षं माणसं शुभ महिन्यात समुद्र बघतात आणि अशुभ महिन्यांत तो त्यांच्या घरी येतो. म्हणून माझा नियम होता. व्यवहार तैमध्ये करा, माझी ना नाही. पण घर मार्गळीत बघायला चला. नुसतं बघण्याला दोष नाही. या नियमापायी माझी निम्मी गिऱ्हाइकं गेली. उरलेल्यांपैकी एक होते भुजंगराव.

काही वर्षांपूर्वी कार्तिगै संपत असताना त्यांचा फोन आला. "म्याडम, तुम्ही मराठी की? बरें झालें. कडलच्या काठीं एक घर पाह्याचें आहे." कडल म्हणजे समुद्र. ते तंजावरच्या मराठी घराण्यातले. त्यांची मराठी ऐकताना एखाद्या जुन्या पोथीला तमिळ हेल लावल्यासारखं वाटायचं. माझी मराठी ऐकून त्यांना काय वाटायचं कुणास ठाऊक. हायस्कुलात गणित शिकवून निवृत्त झालेले, शहरातल्या पश्चिम मांबळमध्ये दुसऱ्या मजल्यावर नवराबायको दोघंच. मूलबाळ नाही. बायको अंबुजाबाई, सगळी इमारत त्यांना मामी म्हणायची, मीही म्हणू लागले. मामींचं हृदय थकत चाललं होतं. डॉक्टरांनी आशा ठेवू नका असं म्हटलं नव्हतं, पण पुढच्या वर्षाबद्दल बोलणंही सोडलं होतं.

मामींचं लहानपण नागपट्टणला गेलं. घराच्या मागच्या दारात उभं राहिलं की समुद्र. लग्न होऊन मांबळमध्ये आल्या, आणि इथं त्यांच्या खिडकीसमोर होती शेजारच्या इमारतीची भिंत. रावांनी तरुणपणी शब्द दिला होता की रिटायर झाल्यावर तुला कडलच्या काठी घेऊन जाईन. रिटायर झाले, पण मग आज जाऊ, उद्या जाऊ करत राहिलं. आता इमारतीला लिफ्ट नाही आणि मामींना जिना उतरवत नाही, म्हणून त्या कित्येक महिन्यांत खाली आल्या नव्हत्या. राव फ्लॅट विकून समुद्राकाठचं एक तयार घर घ्यायला निघाले होते. मामल्लपुरमच्या, म्हणजे महाबलीपुरमच्या रस्त्याला, मुख्य रस्त्यावरून आत वळून, वाळूला लागून असलेलं, व्हरांड्याचं बसकं घर. फोटोत फार छान होतं.

मी नियम सांगितला. मला वाटलं, जुन्या वळणाचे गृहस्थ, मार्गळीचं नाव काढल्यावर फोन ठेवतील. ते म्हणाले, "सेरि. पण तीही येईल. मी एकला पाहून काय करूं?" सेरि म्हणजे बरं, ठीक.

मार्गळी लागल्यावर एका सकाळी मामींना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून शेजारच्या दोघांनी जिन्यावरून खाली आणलं. त्यांनी मोरपिशी काठाची नऊवारी नेसली होती आणि केसांत मोगरा होता. गाडीत त्या खिडकीशी बसल्या. शहर मागे पडलं, झाडांच्या फटीतून पाणी दिसलं तेव्हा एकदाच म्हणाल्या, "तें पाहा." राव पुढच्या सीटवरून मागे वळून समुद्राकडे नाही, त्यांच्याच तोंडाकडे बघत होते.

व्हरांड्यात खुर्ची ठेवून आम्ही त्यांना बसवलं. आकाश ढगाळ होतं, वारा होता, आणि पाणी कुंपणाच्या भिंतीशी येऊन आपटत होतं. भिंतीच्या पायाचे दगड उघडे पडले होते. दक्षिणेला, डोळ्यांना दिसेल इतक्या अंतरावर, नव्या बांधाचे काळे दगड समुद्रात शिरत होते. मी हातोडी काढायच्या आधीच मला उत्तर मिळाल्यासारखं होतं. तरी काम म्हणून सगळं केलं. व्हरांड्याचे खांब बद्द वाजले. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातला खांब एवढा बद्द की रावांनीही वळून पाहिलं. पाणी खारट. छताला आतून ताजा पांढरा रंग, आणि त्या रंगाखालून सळईची रेघ उमटून आलेली.

राव माझ्या मागून हिंडत होते, पण ते घर तपासत नव्हते. ते घर लावत होते. "येथें पलंग. डोकें पश्चिमेस केलें की डोळे उघडतांच कडल." मग दुसऱ्या खोलीत, "येथें देवघर. येथें तिची ती शिवणाची पेटी." मला त्यांच्याकडे बघवेना. एवढ्या वर्षांत हौशी गिऱ्हाइकं पुष्कळ पाहिली, पण ही हौस नव्हती. हा माणूस आपल्या बायकोला शेवटचं काही देण्यासाठी धडपडत होता, आणि माझ्या हातात हातोडी होती.

मामींनी त्यांना गाडीतून कॉफीचा थर्मास आणायला पाठवलं. ते गेल्याबरोबर माझ्याकडे वळल्या.

"अम्मा, घर चांगलें आहे म्हणून सांगूं नका."

मला कळेना. म्हटलं, "मामी, तुम्हाला नाही आवडलं?"

"आवडलें नाही कसें?" त्या हसल्या. हसताना त्यांना धाप लागली. "मज येथून उठाया नको वाटतें. पण मी किती दिवस? मग ह्या घरांत ते एकलेच. ह्यांना कॉफी देखील करतां येत नाही. मांबळमध्यें खालीं भाजीवाली हाक मारते, देऊळ आहे, वरची लक्ष्मी पेला भरून कॉफी आणून देते. येथें कोण आहे? हे भिंतीशीं बोलत बसतील. नको म्हणून सांगा. मी तुम्हांला सांगितलें म्हणून त्यांना कळूं नये."

"मामी, मी कुणाच्या सांगण्यावरून काही म्हणत नाही. घर जे सांगतं तेच सांगते."

"मग घर काय म्हणतें?"

"घरही नकोच म्हणतंय."

त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. हात गार होता. "बरें झालें. तुम्हांला पाप नाही," म्हणाल्या आणि पुन्हा समुद्राकडे बघायला लागल्या.

खरं सांगते, मला हायसं वाटलं. खोटं बोलावं लागणार नव्हतं. नवरा बायकोसाठी होकार मागत होता, बायको नवऱ्यासाठी नकार मागत होती, आणि मधे मला फक्त खांब काय म्हणतात एवढंच सांगायचं होतं. इंजिनिअर असण्याचा एवढा आधार मला पूर्वी कधी वाटला नव्हता.

राव थर्मास घेऊन आले. मी मामींसमोरच सगळं सांगितलं. बांध, वाळू, पाया, खांब. हे घर घेऊ नका. त्यांनी ऐकून घेतलं, वर्गात हुशार मुलगा उत्तर चुकला की शिक्षक ऐकतात तसं.

"किती वर्षें उभें राहील?"

"असा आकडा आम्ही देत नाही, सर. एखादं मोठं वादळ आलं तर पुढच्याच पावसात भिंत जाईल. नाही आलं तर टिकेलही काही वर्षं."

"खांब दुरुस्त केले तर?"

"खांब दुरुस्त होतील. वाळू कुठून आणणार? आणि दुरुस्तीला जो वेळ लागेल, तेवढे दिवस तुम्हाला इथं राहता येणार नाही."

तेवढे दिवस, हे शब्द तोंडातून गेले आणि मी थांबले. राव मामींकडे बघत नव्हते. ते हळूच म्हणाले, "एकच खोली वापरूं. बाकीची तशीच राहूं देत."

"खांब सगळ्या घराचे असतात, सर."

मग त्यांनी थर्मास उघडला. कॉफी ओतली. मामींनी पेला दोन्ही हातांत धरला आणि घोट घेता घेता नागपट्टणच्या कसल्याशा मासळीबाजाराबद्दल सांगत राहिल्या. आम्ही निघायचं म्हटलं तेव्हा त्या म्हणाल्या, "आणखी थोडें." असं दोनदा झालं. आम्ही दोघं घर बघायला गेलो होतो; मामी समुद्र बघायला आल्या होत्या, हे मला परतीच्या वाटेवर उमगलं.

विकत नको तर भाड्यानं घ्या, असं मीच सुचवलं. ओळखीच्या मालकांना फोन केले. त्या बाजूची घरं शनिवार-रविवारच्या पार्ट्यांना देतात. वर्षाच्या भाड्याला एकदोघं तयार झाले, पण म्हातारी बाई, आजारी, म्हटल्यावर त्यांचा आवाज बदलला. एकानं स्पष्ट विचारलं, "घरात काही झालं तर? मग तिथं कोण राहायला येणार?" मरणाला जागा देणारा घरमालक मला मिळाला नाही. शहरातल्या किनाऱ्याजवळ तळमजल्याचं काही मिळेना. तै महिना लागला, शुभ दिवस आले आणि गेले. रावांनी फ्लॅट विकला नाही.

मामी आडी महिन्यात, म्हणजे आपल्या आषाढाच्या सुमाराला गेल्या. पश्चिम मांबळमध्येच. मी भेटायला गेले तेव्हा राव दारातच उभे होते. खिडकीसमोर ती भिंत. वरची लक्ष्मी आतबाहेर करत होती, खालची भाजीवाली जिन्यात बसून रडत होती. मामींनी म्हटलं होतं तसंच सगळं होतं. रावांच्या भोवती माणसं होती.

त्या वर्षी पाऊस जोराचा झाला. तो ओसरल्यावर, पुन्हा मार्गळीतच, रावांचा फोन आला. "म्याडम, तें घर एकदां पाहून येऊं?" मी का म्हणून विचारलं नाही. गाडी काढली.

कुंपणाची भिंत पडली होती. पुरी आडवी, तिचे तुकडे वाळूत रुतलेले. व्हरांड्याच्या एका कोपऱ्याखालची जमीन निघून गेली होती आणि तिथला खांब अधांतरी लोंबत होता. ज्या जागी मामींची खुर्ची ठेवली होती, तिथली फरशी तुटून खाली झुकली होती. घर तोवर विकलं गेलं नव्हतं. शेजारच्या बंगल्याचा राखणदार आम्हाला बघून बाहेर आला.

रावांनी त्याला तमिळमध्ये विचारलं, "भिंत कधी पडली?"

"या कार्तिगैत, सार. वादळाच्या दिवशी."

राव तिथंच उभे राहिले आणि बोटांची पेरं मोजू लागले. आडी, आवणी, पुरट्टासी, ऐप्पसी, कार्तिगै. मला आधी कळलं नाही ते काय मोजताहेत. मग कळलं, मामी गेल्यापासून भिंत पडेपर्यंतचे महिने.

"तुम्ही बरोबर होतां, म्याडम," ते म्हणाले. "अगदी बरोबर. भिंत गेली." थोडं थांबून म्हणाले, "ती गेली तेव्हां ही भिंत उभी होती."

माझ्या धंद्यात बरोबर ठरण्यासारखं सुख नाही. ज्यांना नको म्हटलं त्या घरांच्या पडझडीच्या बातम्या मी एरवी नवऱ्याला मुद्दाम वाचून दाखवत असे. त्या दिवशी मात्र ती भिंत आणखी एक वर्ष उभी असती तर बरं झालं असतं, की मामी असतानाच पडली असती तर, हेच मला कळेना. रावांचं दुःख मला बघवलं नाही. मामींनी कळू देऊ नका म्हटलं होतं, ते मी मोडलं.

म्हटलं, "सर, एक सांगते. मामींनाच हे घर नको होतं. तुम्ही थर्मास आणायला गेलात तेव्हा त्यांनी मला सांगितलं. त्यांच्यामागे तुम्ही इथं एकटे पडाल म्हणून. तुमच्यासाठी नको म्हणाल्या."

ते माझ्याकडे न बघता पाण्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मज ठाऊक आहे."

"त्यांनी तुम्हालाही सांगितलं होतं?"

"पहिल्या दिवसापासून. रोज नको, नको म्हणून एकच जप. मी सांगून ऐकत नव्हती. इंजिनिअरनीं होय म्हणून सांगितलें असतें तर मात्र तिला उत्तर नव्हतें. म्हणून तर तुम्हांला बोलावलें, म्याडम. घर पाहावया नव्हे."